सहावा श्वास

लहान मुलाला साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे खेड्यात कसं ओळखता, असं लग्नकार्यात भेटलेले लोक मला विचारतात. मी सांगते, आणि त्यांचा चेहरा पडतो. त्यांना काहीतरी भारी यंत्र अपेक्षित असतं.

झबलं वर करायचं, छाती-पोट दिसेल असं बघायचं आणि एक मिनिट श्वास मोजायचे. छाती वर आली, खाली गेली, की एक. मूल रडत असेल तर थांबायचं, पीत असेल तर पिऊ द्यायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत चाळीस. त्या आकड्याला टेकलं किंवा पुढे गेलं की औषध सुरू. छाती आत ओढली जात असेल, मूल प्यायचं थांबलं असेल, झटके येत असतील किंवा हाका मारूनही डोळे उघडत नसेल, तर मोजत बसायचंच नाही; औषधाचा पहिला डोस द्यायचा आणि गाडीत घालायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान बाळ सारखं श्वास घेत नाही, मध्येच थांबतं, मध्येच धावतं.

हे पूर्ण एक मिनिट शिकवणं हे माझं काम. आधी मी मुलांच्या वॉर्डात नर्स होते, मग प्रशिक्षक झाले. अमरावती जिल्ह्यात आणि पुढे अकोल्यात गावोगावच्या आशाताई आणि नर्सबाई माझ्यासमोर बसल्या. वर्गात एक रबरी बाहुली, मुलांच्या श्वासाच्या काही चित्रफिती, औषधाच्या बाटल्या आणि मी.

माझं यादीशिवाय चालत नाही. प्रशिक्षणाच्या पेटीची यादी झाकणाच्या आतून चिकटवलेली असते. प्रत्येक बाईच्या नावापुढे माझ्या रजिस्टरमध्ये अकरा रकाने असतात आणि बॅच संपताना त्यातला एकही रिकामा नसतो. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मी देवळात गेले तरी आधी चपलांची नोंद करीन. करीनही. वॉर्डात असताना मी पाहिलं आहे, माणसं बेफिकिरीनं क्वचितच चुकतात. घाईत एखादी पायरी राहते आणि तिथे चूक होते. यादी असली की पायरी राहत नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. वरूडच्या एका बॅचमुळे तर मला ते अगदी सिद्ध झाल्यासारखं वाटलं होतं.

वरूड म्हणजे संत्र्याचा मुलूख. ऐन हंगामात वर्ग भरवला की खिडकीखालून क्रेट भरलेले ट्रॅक्टर जात राहतात आणि शिकवण्याचा आवाज दोनदा चढवावा लागतो. तिथल्या बायकांना मी श्वास मोजायला लावले आणि नेहमीची अडचण आली. तीसपर्यंत सगळ्या बरोबर, पुढे गाडी घसरते. त्यात त्यांचा दोष नाही. मनातल्या मनात "सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस" म्हणेपर्यंत धाप लागलेलं मूल आणखी एक श्वास घेऊन मोकळं झालेलं असतं.

कांता नावाची एक आशाताई शेवटच्या रांगेत बसायची. घरची संत्र्याची बाग. ती म्हणाली, "मॅडम, आमी बगीच्यात एवढाले आकडे म्हनतच नाई."

"मग कसं मोजता?"

"पाच झाले का एक दाना सोडाचा. माहा सासरा तसाच मोजते. हजार संत्रं मोजते, पन तोंडानं पाचाच्या पुढं जात नाई."

तिनं डब्याच्या पिशवीतून तुरीचे दाणे काढले, मुठीत धरले आणि चित्रफितीकडे बघत बसली. पाच श्वास झाले की अंगठ्यानं एक दाणा मांडीवर सोडायची. मिनिट संपलं तेव्हा मांडीवर बारा दाणे होते आणि वर दोन श्वास. बासष्ट. चित्रफितीतल्या बाळाचे श्वास तेवढेच होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "कांते, तुह्या सासऱ्याले आशा करा लागते आता."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना दाणे दिले आणि सगळ्यांचे आकडे सुधारले. मला फार आनंद झाला. जिल्ह्याच्या बैठकीत मी ही पद्धत करून दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहकारी मला काही दिवस "तूरवाल्या मॅडम" म्हणत होते, आणि मी ते खुशीनं ऐकून घेत होते.

मग मी ती पद्धत नीटनेटकी केली. मुठीतले दाणे सांडतात, वर्गात केर होतो, म्हणून प्रत्येकीला दोन छोट्या स्टीलच्या वाट्या दिल्या. पाच श्वास झाले की डाव्या वाटीतला दाणा उजव्या वाटीत. पेटीच्या यादीत मी लिहिलं: वाट्या दोन, दाणे वीस, प्रत्येकी. कांता दाणा सोडताना एकदाही खाली बघत नव्हती, हे मी समोर उभी राहून पाहिलं होतं. ते यादीत लिहिलं नाही.

त्यानंतर माझी नेमणूक अकोला जिल्ह्यात झाली. पेटी माझ्याबरोबर आली.

पातूरच्या बाजूच्या बॅचमध्ये एकेचाळीस जणी होत्या. त्यांत मंदाताई. वय चाळिशीच्या आतबाहेर, उंच, कमी बोलणारी. घरी लिंबाची झाडं आणि थोडा भाजीपाला. सासूबरोबर आठवडी बाजारात बसायची. ती वेळेच्या आधी यायची आणि चटई स्वतः अंथरायची. प्रशिक्षकाला अशी एक बाई वर्गात असली की बरं वाटतं.

मी गृहपाठ द्यायची: घरातल्या झोपलेल्या माणसांचे श्वास मोजून आणा. दुसऱ्या दिवशी वर्गात हसून हसून पुरेवाट व्हायची. एक म्हणाली, "नवऱ्याचे मोजले, मॅडम. तो घोरते, तं शेजारनीनंही मोजले असन." मंदाताईला विचारलं तर ती म्हणाली, "सासूचे मोजून राहिली होती. तिले जाग आली. म्हने, काहून वं, माह्या मराची वाट पाहून राहिली का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, आत्याबाई, सोळा भरले, अजून लय दिवस हायेत."

परीक्षेत दोन चित्रफिती असतात. एका बाळाचे श्वास मिनिटाला चौतीस, दुसऱ्याचे बासष्ट. मंदाताईनं पहिल्याचे एकोणतीस मोजले आणि दुसऱ्याचे बावन्न. दोन्ही बाळं वर्षाच्या आतली, म्हणजे पन्नासची मर्यादा. पहिलं साधं, दुसरं न्यूमोनिया, हे दोन्ही निर्णय बरोबर. माझ्या रजिस्टरमध्ये आकड्याचा एक रकाना आहे आणि निर्णयाचा एक. बरोबरची खूण निर्णयाच्या रकान्यात होते. मी खूण केली. आकड्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एकोणतीस आणि बावन्न लिहिलेलं होतं. एकात पाच कमी आणि दुसऱ्यात दहा. ते मी लिहिलं आणि पान उलटलं.

थंडीत तालुक्याहून फोन आला. मंदाताईच्या गावात दहा महिन्यांची मुलगी न्यूमोनियानं गेली होती. पाच वर्षांच्या आतलं मूल गेलं की घरी जाऊन चौकशी करायची आणि फॉर्म भरायचा, असा नियम आहे. आशाताई माझ्या बॅचची, म्हणून तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांबरोबर मलाही बोलावलं होतं.

घर दोन खोल्यांचं. मुलीची आई वैष्णवी, बावीस-तेवीस वर्षांची, मुलीची आजी, आणि दाराबाहेर ओट्यावर मंदाताई. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं आणि तीही उठली नव्हती. वैष्णवीचा नवरा पुण्याकडे कंपनीत. येऊन, सगळं उरकून परत गेला होता. मुलीचं नाव आरोही.

साहेबांनी मंदाताईचं रजिस्टर मागितलं. मंगळवारी पहिली भेट: खोकला दोन दिवस, ताप, दूध पिते, छाती आत ओढत नाही, श्वास एकोणपन्नास. म्हणून औषध नाही. उबेत ठेवा, पाजत राहा, मी परत येते. गुरुवारी सकाळी दुसरी भेट: श्वास चोपन्न, छाती आत ओढली जाते. पहिला डोस दिला, गाडी बोलावली. दुपारपर्यंत अकोल्याला पोचली. शुक्रवारी गेली.

"एकोणपन्नास?" साहेब म्हणाले. "एकच कमी? नीट मोजले होते ना?"

"हो जी," मंदाताई ओट्यावरून म्हणाली. "एक कमी भरला म्हून दोन डाव मोजलं. दोनी डाव एकोनपन्नासच."

साहेबांचा फोन वाजला आणि ते बाहेर अंगणात गेले. तेव्हा वैष्णवी म्हणाली, "माह्यापाशी हाये न थो व्हिडिओ."

मंगळवारी मंदाताई मोजत होती तेव्हा तिनं मोबाइलवर चित्रण केलं होतं. नवऱ्याला पाठवायचं होतं, आशाताई येऊन पाहून गेल्या म्हणून. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला.

चित्रण दीड मिनिटाच्या आसपास होतं. गादीवर मुलगी, झबलं वर केलेलं. शेजारी मंदाताई, पुढ्यात दोन वाट्या. मी घड्याळ काढलं आणि सवयीनं मोजायला लागले. मिनिट संपलं तेव्हा माझ्याकडे अठ्ठावन्न झाले होते.

मी चित्रण मागे घेऊन परत लावलं. या वेळी मुलीकडे न बघता मंदाताईकडे बघितलं. पाच श्वास ती एकटक बघत होती. मग नजर खाली, बोटं डाव्या वाटीत, दाणा उजव्या वाटीत, वाटीचा बारीक आवाज, नजर परत वर. तेवढ्यात एक श्वास होऊन जात होता. दर वेळी. पाच मोजलेले, सहावा गेलेला. नऊ दाणे आणि वर चार. एकोणपन्नास.

चूक असावी तर इतकी नेमकी. दोनदा काय, दहादा मोजले असते तरी तोच आकडा आला असता.

"किती भरले जी?" वैष्णवीनं विचारलं.

मी म्हणाले, "मागे आवाज आहेत, नीट कळत नाही. मला पाठवा, मी बघून सांगते."

श्वास मोजायला आवाज लागत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं.

चित्रण माझ्या मोबाइलवर घेऊन मी मंदाताईच्या घरी गेले. तिच्या पुढ्यात वाट्या ठेवल्या आणि तेच चित्रण लावलं. ती बघायला तयार नव्हती. मी म्हणाले, फक्त छाती बघा. तिनं मोजलं: एकोणपन्नास. मग मी वाट्या काढून घेतल्या, दाणे तिच्या मुठीत दिले आणि खाली अजिबात बघायचं नाही असं सांगितलं. अठ्ठावन्न.

तिनं मुठीतले उरलेले दाणे जमिनीवर ठेवले.

मी विचारलं, "मंदाताई, मध्ये एक सुटतो, हे कधीच जाणवलं नाही?"

"जानवते न जी. सहावं सुटते."

"मग?"

"आमी बजारात पाच निंबं मोजतो, सहावं वरतून टाकतो. थे मोजत नाई. सारेच टाकते, गिऱ्हाइकाले माईत असते." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मले वाटलं, वाट्या तुमीच देल्ल्या, तं तुमालेबी माईत असन. सहावं सोडूनच पन्नास धरलं असन वरच्या लोकायनं."

आमच्या खात्यात पोलिओच्या डोसापासून गोळ्यांच्या पाकिटापर्यंत सगळं वरून ठरून येतं. मर्यादा ठरवणाऱ्यांनी निसटणारा श्वासही धरला असेल, असं तिला वाटलं, तर त्यात बिनअक्कलपणा कुठे होता? तिनं आमच्यावर विश्वास ठेवला होता.

त्या संध्याकाळी मी एकेचाळीस नावांची यादी घेतली. न्यूमोनियाचा हंगाम चालू होता आणि या क्षणी कोण कुठे कसं मोजत असेल, हे मला माहीत नव्हतं. जवळची गावं मी स्वतः केली, लांबच्या गावांना दोन नर्सबाई धाडल्या. फोनवर सांगायचं नाही, समोर बसवून मोजून घ्यायचं, असं ठरवलं. तीन दिवसांत एकेचाळीस जणी झाल्या. त्यांत मंदाताई धरून नऊ जणी सहावा श्वास सोडत होत्या. नऊही जणी बाजारात बसणाऱ्या घरातल्या होत्या, असं मात्र नाही. चौघींनी आयुष्यात लिंबू विकलं नव्हतं. त्या फक्त वाटीकडे बघत होत्या. फरक एवढाच, की त्यांना एक सुटल्याचं कळलंच नव्हतं आणि मंदाताईला कळत होतं. त्या नऊ जणींनी त्या महिन्यात जी मुलं "साधी सर्दी" म्हणून नोंदली होती, ती सगळी परत बघितली. ती बरी होती. सगळ्या वाट्या मी पेटीत भरून परत आणल्या आणि यादीतली ती ओळ खोडली.

हे सगळं मी तडफेनं केलं. त्याचं मला कौतुकही मिळालं. पण त्याच आठवड्यात मी दुसरं एक काम केलं, ते सांगायला हवं.

चौकशीचा फॉर्म माझ्याकडे पूर्ण करायला आला. त्यात प्रश्न असतो: उपचाराला उशीर कोणत्या पातळीवर झाला? पुढे चौकोन: कुटुंब, आशा, वाहन, रुग्णालय. प्रशिक्षक असा चौकोन नाही. मी "आशा" वर खूण केली. कारणाच्या ओळीत लिहिलं: "श्वास मोजण्यात त्रुटी. फेरप्रशिक्षण दिले." दोन्ही वाक्यं खरी होती. मी सही केली आणि फॉर्म पाठवला. वाट्या कुणी दिल्या, हे लिहायला कागदावर समासात जागा होती. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की फॉर्ममध्ये समासात लिहायची पद्धत नाही.

मंदाताईला खुलासा मागणारं पत्र गेलं. तिनं दोन ओळींत उत्तर दिलं: मोजण्यात चूक झाली, पुढे होणार नाही. माझं नाव नाही, वाट्यांचं नाव नाही.

दीड-दोन महिन्यांनी मी तिच्या गावी तपासणीला गेले. तिचं रजिस्टर उघडलं. आधीच्या पानांवर रोज दोन-तीन मुलांची नोंद असायची. आता पानावर तारखा होत्या आणि नावं नव्हती.

"या महिन्यात कुणी आजारी नाही पडलं?"

"पडले न. मले बोलावत नाई कोनी." ती सरळ सांगत होती, तक्रार नव्हती. "मी गेली तं म्हनते, लेकरू झोपलं हाये. दार लावून घेते. विहिरीवर बाया म्हनते, तिचं मोजनं सडकं हाये."

"मग मुलांना कुठे नेतात?"

"एक जन येते फटफटीवर, सुई टोचून जाते. मांगच्या हप्त्यात एक पोट्टं लय धापा टाकून राह्यलं होतं, मी दारातून पाह्यलं. त्याच्या आजीनं मले आत येऊ देल्लं नाई. मी नर्सबाईले फोन केला, तवा त्याले नेलं. वाचलं."

गावात मोजायला शिकलेली ती एकच बाई होती. आता तिला व्यवस्थित मोजता येत होतं आणि तिच्यासमोर कुणी मूल ठेवत नव्हतं.

घरी येऊन मी वर पत्र लिहिलं. पद्धत मी शिकवली, वाट्या मी दिल्या, परीक्षेतले कमी आकडे माझ्या रजिस्टरमध्ये होते आणि मी ते पाहिले नाहीत. चूक आशाताईंची नाही, प्रशिक्षणाची आहे. यादी करून, मुद्द्यांना क्रमांक देऊन लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं की नोंद घेतली आहे. फॉर्मवरचा चौकोन तसाच राहिला.

मंदाताईला ते पत्र दाखवलं. तिनं वाचलं, घडी करून परत दिलं. "कागद गावात कोन वाचते, मॅडम? वैष्णवी बोलली, तं लोक ऐकन."

"तुम्ही सांगितलंत का तिला?"

"मी काय सांगू? मी सांगतलं तं ते म्हनन, मॅडमवर ढकलून राह्यली."

मी वैष्णवीकडे गेले तेव्हा दुपार होती. मंदाताईला बरोबर घेतलं नाही. वैष्णवी सुपात लाल मिरच्या घेऊन देठं खुडत होती. आजी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं सतरंजी सारली.

काय बोलायचं त्याची मी वाटेत मनात यादी केली होती. सतरंजीवर बसल्यावर ती यादी उपयोगी पडली नाही.

"अठ्ठावन्न होते," मी म्हणाले. "मंगळवारचे. तुम्ही व्हिडिओ दाखवलात त्याच दिवशी मला कळलं होतं. तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "आन मंदाताईनं एकोनपन्नास लिवले."

"तिनं मी शिकवलं तसंच मोजलं. वाट्या मी दिल्या होत्या. वाटीत बघताना एक श्वास निसटायचा. चूक माझ्या शिकवण्यात होती."

आजी म्हणाली, "तं मंग दोन महिने कुठी होत्या तुमी?"



वैष्णवीनं विचारलं, "मंगळवारीच औषिद भेटलं असतं, तं वाचली असती का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "बरीच मुलं वाचतात," मी म्हणाले. "आरोही वाचली असती, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नसती वाचली, असंही सांगता येत नाही."

ती काही मिरच्या खुडत राहिली. मग म्हणाली, "मंदाताई मयतीच्या दिवसापासून आमच्या दारावरून खाली मान घालून जाते. मले वाटे, जाऊ दे, तिनंच केल्लं हाये." थोडं थांबून, "मी सांगन बायायले. तिच्या हातानं झालं, पन तिचं नोतं, म्हनून सांगन."

तिनं सांगितलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण त्या दुपारी पुढे जे झालं त्यानंतर मला हे लिहिता येणार नाही. पंधरा दिवसांनी मंदाताईच्या रजिस्टरमध्ये तीन मुलांची नावं होती. त्यातल्या एकाला वैष्णवीच घेऊन आली होती, जावेच्या मुलाला. श्वास चव्वेचाळीस, वय दीड वर्ष, औषध सुरू. मूल बरं झालं. मंदाताई आता दाणे मुठीत धरते. त्या फटफटीवाल्याकडे अजूनही काही जण जातात.

त्या दुपारी मी उठायला लागले तेव्हा वैष्णवीनं कोनाड्यातला मोबाइल घेतला. हाताला मिरचीचं तिखट होतं, म्हणून पदरानं धरला. तिनं तो सुरू केला नाही.

"हे मी रोज पाह्यते," ती म्हणाली. "मंदाताईनं झबलं खाली केल्लं न, का मंग ते माह्याकडं पाहून हासते. एकदम शेवटी. तेवढंच पाह्याचं म्हून पाह्यते. छातीकडं कधी ध्यानच नाई गेलं माह्यं."

आजीनं तिच्याकडे बघितलं.

"आता तुमी अठ्ठावन्न सांगतले," वैष्णवी म्हणाली. "आता मले मोजल्याशिवाय पाह्यता येनार नाई."